आज वर्गात, उद्या घरी: साथीच्या काळात चर्चच्या शाळेची तयारी

मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावी उघडायला परवानगी मिळाली, 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट. 4 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा दारं उघडली, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा मिटली आणि 24 जानेवारीला पुन्हा उघडली. म्हणजे ‘बंद’ आणि ‘चालू’ असे दोन वेगळे आराखडे करून भागत नाही. एका रात्रीत इकडून तिकडे उलटता येईल असा एकच आराखडा हवा.

पुढची मांडणी वसईच्या किनारपट्टीवरच्या चर्चच्या शाळा डोळ्यासमोर ठेवून केली आहे. आजूबाजूच्या आळ्यांतून चालत किंवा रिक्षाने येणारी मुलं, आवारातच चर्च, हॉल आणि सिस्टरांचा मठ, आणि वर्गात ख्रिस्ती मुलांइतकीच इतर धर्मांचीही मुलं. हिशेबासाठी 60 मुलांची तुकडी, 20 बाय 25 फुटांची खोली आणि तिघांचे 20 बाक धरले आहेत. आपले आकडे मोजून घाला. अंतरासाठी एका बाकावर एकच मूल बसवायचं तर एका वेळी 20 मुलंच बसतात, म्हणून तुकडीचे तीन गट करून ते वेगवेगळ्या वारी शाळेत बोलवायचे आणि बाकीच्या दिवशी घरी अभ्यास द्यायचा.

गट हजेरीपटावरून पाडू नका

पहिली चूक इथेच होते. परिपत्रक येतं, वर्गशिक्षिका हजेरीपट उघडते आणि 1 ते 20, 21 ते 40, 41 ते 60 असे गट पाडून मोकळी होते. मग मोठी बहीण सोमवारी शाळेत, धाकटा भाऊ बुधवारी, आणि दोघं ज्या रिक्षातून येतात तिच्यात तीन गटांची मुलं मांडीला मांडी लावून बसलेली. वर्गात सहा फूट अंतर ठेवून काय उपयोग?

गटाचा पाया घर आणि रिक्षा. त्यासाठी प्रत्येक घराचा एक कागद भरून घ्या, प्रत्येक मुलाचा नव्हे. त्यात इतकंच: या घरातली शाळेतली सगळी मुलं आणि त्यांच्या इयत्ता, आळी, येण्याजाण्याचं साधन, आणि रिक्षा असेल तर चालकाचं नाव, घरात स्मार्टफोन किती आणि दिवसा ते कुणाकडे असतात, घरात साठीपुढचं किंवा दीर्घ आजाराचं कुणी आहे का. आडनावाच्या भरवशावर घरं जुळवायला जाऊ नका. एकाच आळीत अर्धा डझन लोपीस आणि तितकेच डाबरे असतात. जनरल रजिस्टरमधला पत्ता आणि पालकाचा फोन नंबर ताडून पाहा.

हे कागद हाती आले की आधी रिक्षा वाटून घ्या, मग घरं, आणि शेवटी पायी येणारी मुलं भरून आकडे सारखे करा. क, ख, ग असे तीन गट संपूर्ण शाळेसाठी एकच ठेवा. पाचवीतला ‘ख’ आणि नववीतला ‘ख’ एकाच दिवशी आले तरच भावंडं एकत्र राहतात. काही तुकड्यांत एका गटात 17 आणि दुसऱ्यात 23 मुलं येतील. येऊ द्या. 23 झालेल्या दिवशी जास्तीचे तीन बाक शेजारच्या खोलीतून आणा किंवा तो वर्ग चर्चच्या हॉलमध्ये भरवा.

वार सलग द्या: ‘क’ सोमवार-मंगळवार, ‘ख’ बुधवार-गुरुवार, ‘ग’ शुक्रवार-शनिवार. एक दिवसाआड शाळा पालकांना सोयीची वाटते, पण सलग दोन दिवसांनंतर मूल पाच दिवस घरी राहतं, हा खरा फायदा. कोविडमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस लागत, ओमायक्रॉनमध्ये त्याहून कमी. बरीचशी आजारी मुलं पुढच्या फेरीआधी घरीच ओळखू येतात.

एक भोक मात्र राहतं आणि ते चर्चच्याच बाजूला असतं. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिन्ही गट शेजारी बसले, वेदीसेवकांच्या (उपासनेत धर्मगुरूंना मदत करणाऱ्या मुलांच्या) रांगेत मिसळले किंवा गायनवृंदाच्या सरावाला जमले की आठवडाभर पाळलेलं अंतर पाण्यात गेलं. धर्मशिक्षण आणि वेदीसेवकांच्या पाळ्याही याच तीन गटांवर लावा. दुसऱ्या शाळांची मुलंही तिथे येतात. त्यांना आळीप्रमाणे गटाचं अक्षर द्या. फादरांशी हे बोलणं पालक सभेच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही.

खोली

एका बाकावर एक मूल, सम ओळीत डाव्या टोकाला, विषम ओळीत उजव्या. बाकाच्या जागी जमिनीवर ऑइलपेंटची खूण करा. खडूची खूण झाडूबरोबर जाते. कोण कुठे बसलं याचा नकाशा रोज फळ्याच्या फोटोसारखा फोनवर टिपा आणि निदान तीन आठवडे ठेवा. एखादं मूल आजारी निघालं तर सहा फुटांच्या आत एकूण 15 मिनिटांहून जास्त कोण होतं, हे आठवणीतून सांगता येत नाही.

बाकापेक्षा हवा महत्त्वाची. विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो, आणि पावसाळ्यात वसईकडे वाऱ्याबरोबर पाणी आत येतं म्हणून पहिल्यांदा खिडक्याच बंद होतात. खिडक्यांवर बाहेरून पत्र्याची किंवा ताडपत्रीची झापं लावा, म्हणजे मुसळधार पावसातही वरची तावदानं उघडी राहतील. समोरासमोर खिडक्या नसतील तर एका खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवा आणि दार उघडं ठेवा. हिशेब असा: छत 11 फुटांवर धरलं तर 20 × 25 × 11 फूट म्हणजे 5,500 घनफूट हवा. तासाला ती सहा वेळा बदलायची तर 33,000 घनफूट, म्हणजे मिनिटाला 550. फॅनच्या खोक्यावर बहुधा तासाचे घनमीटर छापलेले असतात. त्या भाषेत हा आकडा सुमारे 935 येतो. जाळी आणि धूळ यांमुळे प्रत्यक्षात हवा कमी फेकली जाते, तेव्हा 1,200 च्या वरचा घ्या. छताचा पंखा एकटा पुरत नाही, तो तीच हवा खोलीभर फिरवतो.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं एक छोटं यंत्र शाळेत असावं. उघड्यावर आकडा 420 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 420) आसपास असतो. भरलेल्या वर्गात अर्ध्या तासानंतर 800 च्या खाली राहिला तर हवा खेळते आहे. 1,000 ओलांडला तर खिडकी, दार किंवा मुलांची संख्या यांपैकी काहीतरी बदला.

फिनेल, ब्लीचिंग आणि साबण

याबाबत लोक गरजेपेक्षा जास्त करतात आणि चुकीचं करतात. बाक आणि दारांच्या कड्या पुसायला 0.1 टक्का क्लोरिन पुरतं: 33 टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, लिटरला 3 ग्रॅम. संडास-मुतारीसाठी 1 टक्का, म्हणजे लिटरला 30 ग्रॅम. दहा मिनिटं राहू द्या आणि लोखंडी भाग साध्या पाण्याने पुसा, नाहीतर बाकांचे पाय गंजतात. द्रावण रोज सकाळी नवं करा. उघड्या पोत्यातली पावडर पावसाळ्यात पटकन निकामी होते. तिला उग्र वास येत नसेल तर ती फेकून द्या. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ती कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि शिपायाला दवाखान्यात न्यावं लागतं. मुलांच्या अंगावर कसलीही फवारणी नको.

साबणाच्या वड्या नळावर विरघळतात किंवा खिशातून घरी जातात. जुन्या सुती मोज्यात वडी घालून नळाला बांधली की आठवडाभर टिकते. चार नळ असतील तर 20 मुलांच्या पाच पाळ्या, पाळीला 40 सेकंद, म्हणजे सुमारे साडेतीन मिनिटं. हा वेळ वेळापत्रकात लिहा, कारण न लिहिलेला हात कुणी धूत नाही.

फाटकावर तापमान बघताना घाई नको. उन्हातून चालत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलं असतं; पाच-दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजा. 100.4 फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी. आजारी मुलाला थांबवायची खोली उघड्या व्हरांड्याला लागून हवी. मठाची बैठकीची खोली त्यासाठी मागू नका, तिथे वयस्कर सिस्टर राहतात.

प्रार्थना आणि संस्कार

सकाळची एकत्र प्रार्थना मैदानात अंतर ठेवून चालते, पण गाणं बंद. गाताना तोंडातून बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. सोपा मार्ग म्हणजे स्पीकरवरून दोन मिनिटांची प्रार्थना आणि मुलं आपापल्या वर्गात उभी.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या मिस्साला (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला) फक्त त्या दिवशी शाळेत असलेला गट. पुढे सांगितल्याप्रमाणे गटांचे वार दर महिन्याला सरकवले की शुक्रवार नेहमी ‘ग’कडेच राहत नाही आणि प्रत्येक गटाची पाळी येते. कम्युनियन (मिस्सात देतात ती पवित्र भाकर) हातावर द्यावं. सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच हात पुढे करायला मुलांना शिकवा. दाराशी असलेली आशीर्वादित पाण्याची कुंडी कोरडी. पापनिवेदन बंद लाकडी कक्षात नको. झाडाखाली दोन खुर्च्या एका दिशेला तोंड करून मांडा, रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या लांब. राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळाला राख लावतात) कपाळाला बोट लावायची गरज नाही. 12 जानेवारी 2021 च्या व्हॅटिकनच्या सूचनेप्रमाणे धर्मगुरू शब्द सर्वांसाठी एकदाच उच्चारतो, मास्क लावतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर राख भुरभुरवतो. लहान मुलांना हे आधी दाखवा, नाहीतर ती कपाळ पुढे करून उभी राहतात.

घरचे चार दिवस

वर्गात शिकवताना तेच फोनवरून थेट दाखवायचा मोह टाळा. मास्कमागचा आवाज, डोक्यावर पंखा, फळ्याकडे वळलेली पाठ: घरच्या मुलाला पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. बाई वर्गाकडे पाहायचं की फोनकडे यात अडकतात आणि दोन्हीकडची मुलं सुटतात.

त्यापेक्षा आठवड्याचा पाठ एकदाच लिहा आणि त्याचे दोन भाग करा. समोरासमोर काय लागतंच? गणितातली नवी रीत, प्रयोग, मोठ्याने वाचन, लेखनातल्या चुका. ते शाळेच्या दोन दिवसांत. सराव, पाठांतर, निरीक्षण, वाचन हे घरी. तोच पाठ बाई आठवड्यात तीनदा घेतात, तिसऱ्यांदा तो सर्वांत चांगला होतो, त्यामुळे ‘क’ गटाला कायम कच्चा पाठ मिळू नये म्हणून दर महिन्याला गटांचे वार पुढे सरकवा. रिक्षावाल्यांनाही ते कळवा.

घरच्या कामाचा पाया कागद. प्रत्येक मुलाला आठवड्याला 12 पानं, पाठपोट 6 कागद. 60 मुलांना 360, अशा आठ तुकड्यांना 2,880, म्हणजे 500 कागदांची सहा रिमं. एवढं झेरॉक्सच्या दुकानातून काढू नका. जवळच्या मोठ्या शाळेचं किंवा चर्चचं डुप्लिकेटर यंत्र मिळतं का पाहा. पहिल्या पानावर मुलाचं नाव, गट आणि परत आणायचा वार ठळक. परत आलेले कागद तीन दिवस बाजूला ठेवायची पद्धत 2020 मध्ये होती. कागदावरून लागण होण्याची शक्यता अगदी कमी असल्याचं पुढे कळलं, तेव्हा बाईंनी तपासून झाल्यावर हात धुवावेत, इतकं पुरे.

फोन ही कागदाला जोड. शिक्षिकेने 8 ते 10 मिनिटांचं ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर टाकावं, पानाचा क्रमांक सांगत: “पान तीन काढा, दुसरं गणित.” गटातल्या व्हिडिओ कॉलला तासाला सुमारे 1 जीबी लागतो. दिवसाच्या दीड जीबीवर तीन भावंडं असतील तर दुसऱ्या तासातच खेळ आटोपतो. फक्त आवाजाला तासाला 30 ते 40 एमबी पुरतात. फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल तर थेट तास संध्याकाळी सातनंतर ठेवा. 2020 च्या केंद्रीय ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती, नववीपुढे चार. त्याहून जास्त घेणारी शाळा कष्टाळू दिसते, मुलं मात्र कॅमेरा बंद करून झोपतात. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड सरकारी दीक्षा ॲपवर उघडतात. ज्या घरात फोन आहे तिथे ते सांगा, पण परीक्षा त्यावर बेतू नका.

ज्या घरात फोनच नाही त्यांच्यासाठी चर्चची आळीवार रचना कामी येते. प्रत्येक आळीत प्रार्थनेसाठी जमणारा लहान समूह असतो आणि त्याची एक प्रमुख बाई किंवा बुवा. त्यांच्याकडे सोमवारी गठ्ठा जावा, शनिवारी भरलेले कागद यावेत. यादीत त्या आळीतली सगळी मुलं असू द्या. बिगरख्रिस्ती घरांना चर्चच्या समूहाकडून निरोप जात नाही आणि तेच कागदावाचून राहतात. त्यांच्याकडे शिपाई किंवा वर्गशिक्षिका स्वतः जातील असं ठरवून टाका.

अनुदानित शाळेत शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे: पहिली ते पाचवीला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. कोरडा शिधा द्यायची वेळ आली तर तो याच गटांच्या दिवशी, कागदांच्या गठ्ठ्याबरोबर वाटा. एक खेप वाचते आणि गैरहजर घर लगेच दिसतं.

उलटायची रंगीत तालीम

शाळा चालू असतानाच एका गुरुवारी दुपारी तीनला निरोप काढा: उद्यापासून ‘ग’ गट घरी. मग मोजा. किती घरांना निरोप पोचला, किती वाजता? पुढच्या आठवड्याचे कागद कपाटात तयार होते का? निरोप पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर, रिक्षावाल्यांना फोनवर आणि संध्याकाळच्या मिस्सानंतरच्या सूचनांत असा तीन वाटांनी जावा. शुक्रवारी सकाळी फाटकावर जी मुलं उभी दिसतील, त्यांच्या घराचे कागद काढून फोन नंबर तपासा. बहुतेक वेळा नंबर बदललेला असतो.