बीएमएस बसवण्याआधी: गेल्या वर्षाची नोंद, मग बाकी सगळं

व्हेंडरला बोलावण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं एका फाइलमध्ये लावा. ऑफिसच्या इमारतीत सेन्सर, कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर यांची बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टम) लावून वीज वाचवायची असेल, तर आधी ती किती जात होती हे लिहिलेलं हवं. मागच्या इमारतीत माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. यंत्रणा नीट चालली, बिलही उतरलं, पण यातलं बीएमएसमुळे किती, या मालकांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही आणि पुढच्या टप्प्याचे पैसे अडकले. वायर पुन्हा ओढता येते, कंट्रोलर बदलता येतो. गेलेलं वर्ष पुन्हा मोजता येत नाही.

बिलातले नुसते रुपये उतरवू नका. दर बदलतात, वेळेनुसारचे स्लॉट बदलतात, त्यामुळे तुलना युनिटमध्येच करा. महावितरणचं एचटी (उच्चदाब) बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरचा परिणाम धरून मोजलेल्या युनिटवर) येतं, म्हणून केव्हीएएच, मॅक्झिमम डिमांड (महिन्यातली सर्वाधिक मागणी), पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी आलेला भाग) आणि प्रत्येक स्लॉटचे युनिट असं सगळं घ्या. सोबत डीजीला (जनरेटरला) लागलेलं डिझेल. त्याच फाइलमध्ये त्या-त्या महिन्यात किती मजले भाड्याने गेले होते, ऑफिस किती वाजेपर्यंत चालू होतं आणि रोज साधारण किती माणसं येत होती हेही हवं. हल्ली काही स्टाफ घरून काम करतो, त्यामुळे माणसांचा आकडा अंदाजाने लिहू नका, अॅक्सेस कार्डच्या नोंदींतून काढा. २०२० आणि २०२१ ही वर्षं तुलनेला घेऊ नका, इमारती रिकाम्या होत्या.

हवामान विसरू नका. पुण्यात मे महिन्यात यंत्रणा सुरू करून जुलैचं बिल पुढे ठेवलं, तर दिसणारी घट बरीचशी पावसाची असते. जुलैची तुलना मागच्या जुलैशीच करायची, तीही दोन्ही महिन्यांचं तापमान आणि आर्द्रता शेजारी ठेवून. ऑक्टोबरचा उकाडा दरवर्षी सारखा नसतो. या हिशोबाची जगभर मान्य झालेली पद्धत आयपीएमव्हीपी नावाने आहे; व्हेंडरला वर्क ऑर्डरमध्येच तिचं बंधन घाला, नंतर कोणी ऐकत नाही.

पूर्ण इमारतीच्या बिलावरून चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) किती खातो ते कळत नाही. म्हणून कंट्रोलला हात लावण्याआधी सबमीटर बसवा: चिलर, पंप, कूलिंग टॉवर, एएचयू (मजल्यांवर थंड हवा फिरवणारी यंत्रं), लिफ्ट, यूपीएस, सगळं वेगळं. आणि मग काही आठवडे नुसतं बघा. सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलू नका, वेळापत्रक बदलू नका. जमलं तर एक तापलेला आणि एक पावसाळी काळ असे दोन्ही या नोंदीत येऊ द्या. व्हेंडरला घाई असते, कमिशनिंगच्याच (यंत्रणा सुरू करण्याच्या) दिवशी त्याला सगळं ऑटोवर टाकायचं असतं. टाकू देऊ नका. आधीची नोंद नाही तर ऑटो नाही, हे वाक्य वर्क ऑर्डरमध्ये लिहा.

मीटर बसवताना सीटीकडे (वायरभोवती बसणाऱ्या, करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडे) स्वतः बघा. सीटीवर बाण असतो, तो लोडच्या दिशेला हवा. एक सीटी उलटी बसली तर त्या फेजचे किलोवॉट वजा होतात आणि बेरीज इतकी कमी दिसते की सगळे खूश होतात. रेशोही तपासा. सीटी २००/५ ची आणि मीटरमध्ये १००/५ भरलं असेल, तर आकडा थेट निम्मा येतो. क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज पडताळून घ्या. इथे चुकलात तर तुमची आधीची नोंदच खोटी, आणि हे कळेपर्यंत सहा महिने गेलेले असतात.

तापमानाच्या सेन्सरचंही तेच. १०-के थर्मिस्टरचे (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणाऱ्या सेन्सरचे) टाइप २ आणि टाइप ३ असे दोन कर्व्ह मिळतात. २५ अंशांना दोन्हींचा रेझिस्टन्स सारखाच, त्यामुळे टेबलावर तपासलं तर चूक दिसतच नाही. चिल्ड वॉटरच्या ७ अंशांजवळ मात्र चुकीचा कर्व्ह निवडला असेल तर अंशभराहून जास्त फरक पडतो. ७ अंशांनी जाणारं आणि १२ अंशांनी परत येणारं पाणी, म्हणजे मुळात फरकच ५ अंशांचा. त्यात एका सेन्सरने एक अंश खाल्ला की टनेज (चिलर किती थंडावा देतो तो आकडा) वीस टक्क्यांनी चुकतं आणि किलोवॉट पर टीआरचा (एका टन थंडाव्याला किती वीज याचा) हिशोब वाया जातो. हे सेन्सर पाण्यात असताना, चिलर चालू असताना, हातातल्या चांगल्या थर्मामीटरशी जुळवा.

खोलीतले सेन्सर पश्चिमेच्या काचेजवळ नकोत, पँट्रीतल्या मायक्रोवेव्हच्या वर नकोत, प्रिंटरमागे नकोत. मग प्रत्येकाची जागा पक्की करा: एक माणूस सेन्सर मुठीत धरून उभा, दुसरा स्क्रीनसमोर फोनवर. मुठीत धरलेला चौथ्या मजल्यावरचा आणि स्क्रीनवर आकडा सहाव्याचा चढतोय, असं हमखास निघतं. नमुना म्हणून दहा तपासले असं चालत नाही, सगळे तपासा. कंटाळवाणं काम आहे, तरी करा.

सीओटू सेन्सरबद्दल एक गोष्ट कॅटलॉगात बारीक अक्षरात असते. बरेचसे सेन्सर असं गृहीत धरतात की काही दिवसांत एकदा तरी जागा रिकामी होऊन हवा बाहेरच्या पातळीला, साधारण ४०० पीपीएमला येईल, आणि दिसलेल्या किमान आकड्याला ४०० मानून ते स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरमध्ये जागा कधी रिकामी होतच नाही. तिथे सेन्सर हळूहळू ७०० लाच ४०० समजू लागतो, बाहेरच्या हवेचा डँपर (झडप) कमी उघडतो आणि माणसं जड डोक्याने काम करतात. अशा मजल्यांवर ही सोय बंद करा आणि कॅलिब्रेशन हाताने करा. वीज वाचवण्यासाठी माणसांची हवा कापायची नाही, यावर मी अडून बसतो आणि तुम्हीही बसा.

प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची भाषा: बॅकनेट किंवा मॉडबस, बंदिस्त काही घेऊ नका. बॅकनेट १९९५ पासून अॅश्रेचं (अमेरिकेतल्या एअर कंडिशनिंग इंजिनिअरांच्या संस्थेचं) स्टँडर्ड आहे, तरी चिलरच्या कागदावर ‘बॅकनेट सपोर्ट’ असं लिहिलेलं पुरत नाही. त्याचं कार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं का आणि कोणते पॉइंट (बीएमएसला मिळणारे आकडे आणि आदेश) मिळणार, याची यादी ऑर्डरआधी मागा. मॉडबसच्या वायरिंगमध्ये फाटे फोडू नका, एकामागून एक जोडा, दोन्ही टोकांना १२० ओहम, शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला, आणि एकच पत्ता दोन मीटरना नको. पॉइंटची नावं पहिल्या दिवशी ठरवा. ‘टेंप-१’, ‘टेंप-१ नवीन’ असली नावं पुढे कोणालाच कळत नाहीत. वायरलेस घेत असाल तर भारतात लोराच्या (कमी विजेवर लांब जाणाऱ्या रेडिओच्या) उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, पण बेसमेंटमध्ये आणि पत्र्याच्या डक्टमागे सिग्नल प्रत्यक्ष मोजल्याशिवाय गेटवेंची संख्या ठरवू नका.

सगळ्या कंट्रोलरांचं घड्याळ एक हवं आणि ते वीज कंपनीच्या मीटरशी जुळलेलं हवं. वीस मिनिटं पुढे असलेलं घड्याळ डिमांडचा चढ भलत्याच वेळेला दाखवतं आणि स्लॉटनुसारची तुलना बिघडते. आधीची नोंद एका घड्याळावर आणि नंतरची दुसऱ्यावर असेल तर पुन्हा हातात काही नाही.

फायर अलार्मवर एएचयू बंद होणं थेट वायरने, फायर पॅनेलमधून. बीएमएस फक्त बघेल. यावर चर्चा नको.

नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं. उपकरणांसोबत कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानसाखळीत चोर शिरले ते रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. व्हेंडरचा रिमोट अॅक्सेस कामापुरता उघडा, काम झालं की बंद करा. सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना ६ तासांत कळवावी लागते, हे आयटीवाल्यांना आधी सांगा.

आता ऑटोमध्ये. पहिलं काम वेळापत्रक, सर्वात स्वस्त बचत तिथेच असते. मग व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह): पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर वीज साधारण निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. पण तक्रार आली की टेक्निशियन ड्राइव्ह ‘हँड’वर (हाताने चालवण्यावर) टाकतो आणि ती तशीच राहते. हँडवर असलेल्या सगळ्या पॉइंटची यादी रोज सकाळी मागवा. एकदा सवय लागली की निम्मे प्रश्न तिथेच दिसतात. बदल एका वेळी एकच, तारखेसह लिहून. तारीख नसेल तर आधी आणि नंतर यांची सीमा कुठे आहे हेच कळत नाही. सेटपॉइंट २४ करायचा असेल तर टेनंटना आधी कळवा.

बाकीचं थोडक्यात. अलार्म मोजके ठेवा, शंभर लाल दिवे कोणी बघत नाही. ट्रेंड डेटा किती दिवस साठतो ते विचारा. काही सॉफ्टवेअर जुना डेटा आपोआप पुसतात, त्यात आधीच्या आठवड्यांची नोंदही जाते, म्हणून ती लगेच बाहेर काढून वेगळी ठेवा. ट्रेनिंग रात्रपाळीलाही द्या. हँडओव्हरला अॅडमिन पासवर्ड, कंट्रोलर प्रोग्रामचा बॅकअप, ड्रॉइंग आणि लायसन्स इमारतीच्या नावावर. हे मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) सेन्सर कॅलिब्रेशन स्पष्ट लिहून घ्या, किती सेन्सर आणि वर्षातून किती वेळा तेही.