किशोरवयीन मुलांना ऑनलाइन खरेदीतील फसवणुकीपासून कसे वाचवावे

मुले फोन सराईतपणे हाताळतात, म्हणून त्यांना ऑनलाइन व्यवहारही कळतो असे बरेच पालक गृहीत धरतात. प्रत्यक्षात फोन वापरता येणे आणि समोरचा विक्रेता खरा की खोटा हे ओळखता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे कौशल्य कोणीतरी शेजारी बसून शिकवल्याखेरीज सहसा येत नाही. खरेदीवर सरसकट बंदी घालण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण बंदी घातली की मुले मित्राच्या खात्यावरून खरेदी करतात आणि काही बिनसले तर ते घरी सांगत नाहीत.

त्यामुळे सुरुवात उपदेशाने न करता एका खऱ्या खरेदीने करावी. मुलाला हवी असलेली वस्तू, मग ते बूट असोत की हेडफोन, त्याच्याकडूनच शोधून घ्यावी आणि पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता त्याला मोठ्याने वाचायला लावावा. पत्त्यातील दोन तिरप्या रेघांनंतर पुढची एकेरी तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग तेवढा महत्त्वाचा असतो आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. उदाहरणार्थ, 'प्रसिद्धकंपनी डॉट महासेल डॉट शॉप' असा पत्ता असेल, तर ते संकेतस्थळ प्रसिद्ध कंपनीचे नसून 'महासेल डॉट शॉप' हे नाव ज्याने नोंदवले आहे त्याचे असते. डावीकडे कोणाचेही नाव जोडण्याची त्याला पूर्ण मुभा असते. इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य किंवा 'एल'च्या जागी एक हा आकडा घातलेले पत्तेही एकदा दाखवून द्यावेत. ही एवढी एकच सवय लागली तरी बनावट दुकानांचा मोठा भाग दारातच अडतो.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाविषयी मुलांच्या मनात हमखास गैरसमज असतो. आपण भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही, इतकाच त्या चिन्हाचा अर्थ आहे. माहिती ज्याच्याकडे पोहोचते तो माणूस प्रामाणिक आहे, असा नव्हे. त्या चिन्हासाठी लागणारे प्रमाणपत्र आज मोफत मिळते आणि भामटेही ते घेतात. हा गैरसमज इतका पसरलेला होता की गूगलने 2023 मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते कुलूप काढून तेथे दुसरे चिन्ह बसवले.

दुकान अनोळखी असेल तर वस्तूचे छायाचित्र चित्रशोधात टाकून पाहावे. तेच छायाचित्र अनेक वेगवेगळ्या नावांच्या दुकानांत दिसले, तर ते बहुधा कोठून तरी उचललेले असते. डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या, नोंदणीची तारीखही तपासता येते. अनेक वर्षांचा अनुभव असल्याचा दावा करणाऱ्या दुकानाचे नाव गेल्याच महिन्यात नोंदवलेले असेल, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. अभिप्राय वाचताना कमी तारे दिलेले आधी वाचावेत. 'ही सवलत दहा मिनिटांत संपेल' असे सांगणारे उलटे घड्याळ दिसले, तर ते पान ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोमध्ये, जिथे आधीच्या भेटीची नोंद वापरली जात नाही, पुन्हा उघडावे. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू झाले, की ती घाई खोटी आहे हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

पैसे कसे मागितले जातात, यावरून विक्रेत्याची परीक्षा सर्वांत लवकर होते. गिफ्ट कार्डाचा क्रमांक, क्रिप्टो चलन किंवा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर थेट भरणा मागणाऱ्याशी व्यवहार करूच नये, कारण अशा मार्गांनी गेलेले पैसे परत मिळणे फार कठीण असते. कार्डाने केलेल्या भरण्याबाबत बँकेकडे तक्रार करण्याची सोय तरी असते. मुलासाठी मोजकीच रक्कम असलेले वेगळे खाते किंवा कार्ड ठेवता आले तर उत्तम. खरेदी-विक्रीच्या ॲपवर भेटलेला माणूस 'आपण दुसरीकडे बोलू' म्हणाला, तर तेथेच थांबावे. ॲप देत असलेले संरक्षण सहसा ॲपबाहेर झालेल्या व्यवहाराला लागू होत नाही.

मुले विक्रीही करतात, हे पालकांच्या लक्षात येत नाही. जुनी गिटार विकायला काढली, की 'पैसे स्वीकारण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका' असा संदेश येतो आणि खात्यात पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात. पैसे घेण्यासाठी पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे कधीही द्यावे लागत नाहीत, हे मुलाला तोंडपाठ असले पाहिजे. गेममधले चलन फुकट देतो असे सांगून लॉगिन मागणारे आणि 'तुमचे पार्सल अडकले आहे, थोडे शुल्क भरा' असे कळवणारे, दोघेही याच माळेतले. पार्सलची चौकशी संदेशातील लिंकवरून न करता ऑर्डर ज्या ॲपवर दिली तेथेच करावी.

इतके करूनही एखादे वेळी फसवणूक होईल, आणि त्या वेळी मूल किती लवकर बोलते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. फसलेले मूल आधीच शरमलेले असते, म्हणून 'असे काही झाले तर मी रागावणार नाही, आधी आपण बँकेला कळवू' हे वचन आजच द्यावे आणि वेळ आल्यावर ते पाळावे. बँकेला फोन केल्यावर पासवर्ड बदलावा, दुकानाचे पान आणि संभाषण नाहीसे होण्यापूर्वी त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मग ॲपकडे व पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. त्यानंतरच्या काही आठवड्यांत 'तुमचे बुडालेले पैसे शुल्क घेऊन मिळवून देतो' असे सांगणारा कोणी संपर्क साधू शकतो. फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात, त्यामुळे त्याला उत्तर न देता तो क्रमांकही तक्रारीत जोडावा.