थंडीत पाइप का फुटतो? सोलरच्या लाइनमधल्या या चुका टाळा

डिसेंबर लागला की मला ठरलेले फोन येतात. "गच्चीवरचा पाइप फुटलाय, भिंतीवरनं पाणी वाहतंय, लगेच या." आणि पुढचं वाक्यही ठरलेलं, "थंडीनं फुटला असंल." कोल्हापुरात थंडीनं पाइप फुटत नाही. पाणी गोठायला पारा शून्यावर यावा लागतो, आपल्याकडची कडाक्याची पहाट म्हणजे १०-१२ अंश. इथं पाइप फुटतो तो गरम पाण्यानं.

पावसाळाभर ढगांमुळं निवांत पडलेला, पाणी तापवणारा सोलर आता पूर्ण जोरात चालतो. रात्री १२ अंशांवर गारठलेल्या त्याच पाइपातून दुपारी ६०-७० अंशांचं पाणी जातं. हा ताण रोजचा. त्यात खालच्यापैकी एखादी चूक असली की जॉइंट सुटलाच म्हणून समजा.

गरम लाइनला साधा पीव्हीसी

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साधा पीव्हीसी ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, गरम पाण्यासाठीचा सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत टिकतो. मंगळवार पेठेतल्या एका घरी गेलो तेव्हा टाकीपासून बाथरूमकडं जाणारा पाइप दोन क्लॅम्पच्या मध्ये केळासारखा वाकला होता. हात लावला तर एल्बोच्या, म्हणजे वळणाच्या जोडाच्या, तोंडाशी केसाएवढी चीर, त्यातून वाफाळता थेंब. काम करणाऱ्यानं उरलेला पीव्हीसीचा तुकडा मध्येच जोडला होता. वाचले असतील शंभर-दीडशे रुपये; छताचा गिलावा गेला तो वेगळाच.

पीव्हीसी पांढराशुभ्र असतो, सीपीव्हीसी किंचित पिवळसर. पण रंगावर विसंबू नका, पाइपावरचा छापा वाचा. पाइप चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच हवं. जॉइंट भरल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाइप हळूच मागं सरकतो. थंडीत सोल्युशन सावकाश वाळतं, म्हणून गरम लाइन दुसऱ्या दिवशीच सुरू करा. "पाव्हणं आलेत, आंघोळीला पाणी पायजे" म्हणून तासाभरात लाइन सोडायला लावलेले जॉइंट मी परत जाऊन कापलेत.

गार पाण्याच्या लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) नसणं

घरबसल्या तपासता येईल अशी गोष्ट सांगतो. दुपारी दोनच्या सुमारास गार पाण्याचा नळ सोडा. सुरुवातीला कोमट आलं तर पाइप उन्हात तापला असेल. पण मिनिट-दोन मिनिटांनीही गरमच येत असेल, तर सोलरचं पाणी उलटं गार लाइनमध्ये शिरतंय. ती लाइन बहुतेक घरांत साध्या पीव्हीसीची असते, म्हणजे वरची चूक न करताही तुम्ही तिथंच पोचलात. एनआरव्ही बसवला असेल तर उघडून बघा. बोअरच्या पाण्याच्या क्षारानं झडप अडकून राहते.

व्हेंटचं तोंड बंद

सोलरच्या टाकीवर उभी नळी असते, तिला एअर व्हेंट म्हणतात. तिचं तोंड गार पाण्याच्या टाकीच्या वर आणि कायम उघडं पाहिजे. पाणी सांडतं म्हणून कुणी तिला बूच मारतं, कुणी चिंधी कोंबतं. कृपा करून असं करू नका. तापलेल्या पाण्याला जागा मिळाली नाही तर टाकीचा सांधा फाटतो, आणि पाणी उपसताना हवा आत आली नाही तर टाकी चेपते. गेल्या दिवाळीनंतर एका व्हेंटमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं सापडलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. तार घातली तेव्हा सुक्या मातीचा गोळा निघाला. सोलर जोरात सुरू होण्याआधी तार घालून बघाच.

पाइप करकचून बांधणं

तीन मीटरचा सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला की साधारण आठ मिलिमीटर लांबतो. क्लॅम्प आवळून टाकला किंवा पाइप दोन्ही टोकांना सिमेंटात पक्का केला, तर ही वाढ एल्बोवर येते. क्लॅम्प दर तीन फुटांवर घ्या, पण पाइप आत सरकला पाहिजे.

काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये टाकी रिकामी राहिली असेल तर भर दुपारी पाणी सोडू नका. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की नळी तडकते. पहाटे भरा.

मुलगा लष्करात लेहला किंवा लेक परदेशात असेल, तर त्यांच्याकडं मात्र गोठण्याचा धोका खरा आहे. पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो. पाइप बहुतेकदा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं फुटतो. म्हणून तिथं रात्री नळ बारीक धारेवर ठेवतात. गोठलाच तर नळ उघडा ठेवून नळाच्या बाजूनं गरम कपड्यानं शेकत मागं जायचं, ज्योत अजिबात लावायची नाही. चीर दिसते ती बर्फ वितळल्यावर, तोवर एकानं मेन व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं.