दिवाळीची झाडलोट करण्याआधी आळी झाका

हस्ताचा पाऊस संपत आला. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस आपल्याकडून माघारी फिरतो आणि मग दिवाळीपर्यंत जे ऊन पडतं, ते नव्या रोपांना मे महिन्याइतकंच जड जातं. जूनमध्ये ज्यांनी घराभोवती आंबा, पेरू, लिंबू, सीताफळ, शेवगा लावून अन्नवन, म्हणजे घरच्या खाण्याच्या झाडांचं छोटं रान, उभं करायला घेतलंय, त्यांच्या हातात आता फार तर दहा-पंधरा दिवस आहेत. जमिनीत ओल आहे तोवर प्रत्येक रोपाचं आळं, म्हणजे बुंध्याभोवतीची पाण्याची खोलगट जागा, काडीकचऱ्यानं वीतभर झाकून टाका. खत मागं पडलं तरी चालेल, फवारणी राहिली तरी चालेल. हे राहिलं तर रोप जातं.

दर वर्षी मी हेच बघतो. एप्रिल-मेमध्ये माणसं सांगतात, उन्हानं रोपं गेली, बोअर आटला, नर्सरीवाल्यानं फसवलं. रोप वाळलेलं दिसतं मेमध्ये, पण त्याचं मरण ऑक्टोबरातच ठरलेलं असतं. आमच्या शेजारगावात एका निवृत्त मास्तरांनी घरामागच्या चार गुंठ्यांत चाळीस रोपं लावली. खड्डे उत्तम, शेणखत भरपूर, दर रविवारी आळी खुरपून आरशासारखी स्वच्छ. मे अखेरीला सहा उरली. गेलेल्यांपैकी एक वाळलेलं लिंबू मी उपटून बघितलं. फारसा जोर न लावता हातात आलं. मुळ्यांचा गोळा अजून पिशवीच्याच आकाराचा होता, खाली गेलेली एकही मुळी नव्हती. खड्ड्याची बाजू भाजलेल्या मडक्यासारखी टणक झालेली. मास्तरांनी पाणी रोज घातलं होतं. पण ते वरच्या चार बोटांत मुरत होतं आणि दुपारपर्यंत उडून जात होतं.

काळ्या रानात हे आणखी वाईट. पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत वरचा थर पापडासारखा होतो, मग भेगा पडतात. भेग पडताना ती आसपासची कोवळी पांढरी मुळी तोडते, आणि त्याच भेगेतून खालची ओलही निघून जाते. भेगा पडल्यावर झाकलेलं निम्मंच कामाला येतं, म्हणून ही घाई.

एक हिशोब मांडून बघा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १,००० लिटर पाणी झालं. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागातही वर्षाला ५०० मिलिमीटर पडला, तर गुंठ्यावर पन्नास हजार लिटर येतं, म्हणजे दहा हजारी टँकर पाच. हे पाणी फुकट आपल्या दारात आलं. त्यातलं जे मुरलंय ते आज जमिनीत आहे, आणि आपण भांड्यावर झाकण ठेवायचं विसरतोय.

विसरतोय म्हणण्यापेक्षा झाकण आपण स्वतः जाळतोय. दसरा झाला की घरोघर झाडलोट सुरू होते. परसातला पाला, गवत, शेंगांचे वेल, सगळं कोपऱ्यात गोळा होतं आणि संध्याकाळी काडी लागते. नेमकं त्याच आठवड्यात रोपांना त्याची सर्वांत जास्त गरज असते. यंदाची दिवाळी पाला न पेटवता करा, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा.

आमच्या गल्लीतली आजी मला म्हणाली, "बाबा, दारात कचरा ठेवतोस, इंचूकाटा यील की." आजीचं चूक नाही. भिंतीपासून आणि उंबऱ्यापासून पाच-सहा हात मोकळी जागा सोडा, तिथं पाला नको. आच्छादन हलवायचं तर आधी काठीनं, मग पायात बूट घालून. उघडा हात खाली घालू नका. फुरशाच्या नाहीतर घोणशीच्या भागात तर नाहीच.

झाकायचं कसं

आळं खोल खणू नका. गवत उपटण्यापेक्षा विळ्यानं जमिनीलगत कापा आणि तिथंच पसरा, मुळं जमिनीत राहू द्या. खुरप्यानं वरची पापडी मोडा. दोन घमेली कुजलेलं शेणखत पसरा. जमीन कोरडी वाटली तर आधी भरपूर पाणी द्या आणि मगच झाका; कोरडी जमीन झाकली तर ती कोरडीच राहते, आणि हलका पाऊस आला तरी वरच्या वर अडतो. हरळी किंवा लव्हाळा असेल तर आधी भिजवलेला पुठ्ठा अंथरा, त्याची चिकटपट्टी काढून टाका. वर काडीकचरा वीतभर. खोडाला मात्र लावायचा नाही. खोडाभोवती चार बोटं ते वीतभर मोकळं कडं ठेवा, नाहीतर साल कुजते.

रोपापासून चहूबाजूंना मीटरभर जागा धरली तर सात-आठ गच्च भरलेल्या गोण्या लागतात. लोक एका गोणीत चार रोपं उरकतात, आणि महिन्यानं खालची माती दिसायला लागते. तेवढं सामान नसेल तर वीस रोपांना पातळ पसरू नका, दहांना नीट झाका.

पश्चिमेच्या बाजूला थर दोन बोटं जास्त जाड द्या. हे मी कुठं वाचलेलं नाही, पण दुपारनंतरचं ऊन तिकडून येतं आणि माझी जगलेली रोपं याच पद्धतीची आहेत.

सामान शोधायला लांब जायला नको. आत्ता सोयाबीनची मळणी चालू आहे, बांधाबांधावर भुसकटाचे ढीग आहेत. भुसकट वाऱ्यानं उडतं, म्हणून वर तुराट्या किंवा झावळ्या आडव्या टाका. बाजरीचं सरमड, भाताचा खराब झालेला पेंढा, नारळाच्या झावळ्या, गिरीपुष्पाचा पाला, सगळं चालतं. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाचं पाचट मिळेल, ते दुसऱ्या थराला ठेवा. उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट कुजवायला टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू अशी शिफारस आहे. ती उसासाठी बरोबर आहे. आपल्या आळ्यात ते इतक्या लवकर कुजायलाच नकोय, जूनपर्यंत टिकायला हवंय. तेव्हा त्यावर युरिया टाकू नका.

दोन गोष्टी मात्र आणू नका. फुलावर आलेलं गाजरगवत, कारण त्याचं बी वर्षानुवर्षं छळेल. आणि तणनाशक मारलेल्या कडेचं गवत. २,४-डी मारलेला पाला टाकल्यावर घेवडा आणि शेवग्याची पानं मुरडलेली मी पाहिली आहेत.

दुकानात जाण्याआधी

या दिवसांत कृषी सेवा केंद्रात गेलात तर रोपं पिवळी पडल्याचं ऐकून समोर ह्युमिक ॲसिडचा डबा येतो, मग मायकोरायझाची, म्हणजे मुळांना मदत करणाऱ्या बुरशीची, पुडी, मग ओल धरणारी जेल, मग मल्चिंग पेपर. जेलच्या पैशात भरपूर भुसकट येईल. प्लॅस्टिक पेपर भाजीच्या गादीवाफ्यावर कामाचा असेल, पण वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या झाडाखाली तो दोन उन्हाळ्यांत चिंध्या होतो, आणि त्याखाली एक पानसुद्धा कुजून माती होत नाही. "रेडीमेड फूड फॉरेस्ट"चं पॅकेज विकणारेही आलेत. चौरस मीटरला तीन-चार रोपं ठोकून देतात. मियावाकी पद्धतीची ती दाटी सावलीच्या जंगलासाठी असते. फळासाठी पेरू आणि लिंबाला ६ मीटर, सीताफळाला ५, नारळाला साडेसात मीटर अंतर लागतंच. मधल्या जागेत तूर, हळद, रताळं, वेल घ्या.

जीवामृत करायचं तर घरीच होतं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. हे एकराचं माप आहे, म्हणजे गुंठ्याला ५ लिटर. पण उघड्या, तापलेल्या मातीवर ओतलंत तर त्यातलं काय जगणार? आधी झाका, मग ओता.

या पंधरवड्याची बाकी कामं

- आंबा, लिंबू, पेरूच्या जरा मोठ्या झाडांच्या खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी
- कलमाच्या जोडाखालची फूट काढणे
- रोपाला काठीचा आधार, सुतळी सैल
- गिरीपुष्प, शेवरी कमरेइतकी छाटून पाला आळ्यात
- लिंबावर पानं पोखरणारी अळी, वेलांवर मावा: ५ टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर, गाळून २०० ग्रॅम साबणचुऱ्यासह १०० लिटर
- मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, लसूण, वाल: आच्छादनात बोटभर फट करून मातीत
- नवी झाडं लावणं बंद. आता जूनमध्येच

वाळवीची भीती सगळ्यांना असते. वाळवी आधी वाळलेलं खाते. मला तर आच्छादन भरपूर असलेल्या झाडापेक्षा उघड्यावर तहानलेल्या रोपालाच ती जास्त लागलेली दिसते. खोडाजवळचं कडं मोकळं असेल आणि शेणखताच्या घमेल्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळली असेल तर मी दुसरं काही करत नाही.

शंखी गोगलगायींचं मात्र हलक्यात घेऊ नका. २०२२ मध्ये लातूर, बीडकडं सोयाबीन तिनं कसं फस्त केलं हे विसरण्यासारखं नाही, आणि ओलं आच्छादन तिला आवडतं. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी पसरा. सकाळी त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. एकरी २ किलो मेटाल्डिहाईडची शिफारस आहे, पण घराभोवती कुत्री, कोंबड्या, लहान मुलं असतात. परसात ते नको.

न्हाणीचं पाणी वाया जात असेल तर दोन मीटर रुंद, कमरेइतका खोल खड्डा घ्या, काढलेली माती काठावर चढवा, काठावर चार-पाच केळी आणि अळू लावा, खड्डा काडीकचऱ्यानं शिगेला भरा. पाणी त्यात सोडा. हे एवढं एक लावायला आता हरकत नाही, कारण पाणी रोजचं आहे. कपड्याच्या सोड्याचं पाणी मात्र वेगळं काढा.

निसर्गाच्या रीतीनं टिकाऊ बाग-शेती उभी करायच्या या पद्धतीला पर्माकल्चर म्हणतात. हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी रूढ केला. गोव्यातलं कुळागर, म्हणजे घराजवळची मिश्र बाग, त्याच्या कितीतरी आधीचं. वर माड आणि माडी म्हणजे सुपारी, त्यांच्या अंगावर मिरवेल म्हणजे मिरीचा वेल, खाली केळ, अननस, हळद. त्या सावलीत उभं राहून पायाखाली बघा, माती दिसत नाही. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या जाळ्यातून दहा गुंठ्यांत कुटुंब भागवण्याचा हिशोब मांडला, तोही शेतातला काडीकचरा शेतातच ठेवण्यावर उभा आहे. देशावर पाऊस कोकणासारखा नाही, म्हणून आपल्याला तर ही गरज जास्त.

झाकल्यावर पंधरा दिवसांनी सकाळी काठीनं थर बाजूला करून बघा. काडीच्या खालच्या बाजूला थेंब दिसले, पांढऱ्या बुरशीचे धागे दिसले, पहिल्या पावसासारखा वास आला, की ते आळं लागलं. ती बुरशी बघून घाबरून बुरशीनाशक मारू नका. माती कोरडी आणि रंगानं फिकट असेल तर भिजवून आणखी दोन गोण्या टाका. फेब्रुवारीत थर निम्मा होईल, तेव्हा पाचटानं पुन्हा भरा. होळीच्या सुमारास परसाच्या कडेनं दोन हातांची पट्टी साफ ठेवा, वणव्याची ठिणगी आत येता कामा नये.

सोयाबीनचं मळणीयंत्र आज ज्याच्या रानात चालू असेल त्याला फोन करा. संध्याकाळी भुसकट पेटवायच्या आत गोण्या घेऊन पोचा.