घरच्या डीव्हीडीतील आवाज वेगळा काढून दुसऱ्या चित्रीकरणाशी कसा जुळवावा

समजा, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात झालेल्या नृत्याच्या कार्यक्रमाची दोन चित्रीकरणे आपल्या घरी आहेत. एक आयोजकांच्या छायाचित्रकाराने ध्वनियंत्रणेतून थेट आवाज घेऊन केलेली डीव्हीडी, आणि दुसरे मागच्या रांगेतून घरच्या कॅमेऱ्याने केलेले, ज्यात आपल्या मुलीवर कॅमेरा नीट रोखलेला आहे, पण आवाज मात्र दूरचा आणि घुमणारा आहे. डीव्हीडीतील स्वच्छ आवाज घरच्या चित्राला जोडणे मोफत मिळणाऱ्या साधनांनी शक्य आहे. येथे फक्त घरगुती, लॉक नसलेल्या डीव्हीडीचा विचार केला आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीवर बहुधा लॉक असते आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ अशा लॉकशी संबंधित आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

सर्वप्रथम डीव्हीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. नंतर तिच्यातील ‘व्हिडिओ टीएस’ हे संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घ्यावे आणि पुढचे सगळे काम या प्रतीवरच करावे. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उन्हाने खराब होतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या शहरात पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवलेल्या डीव्हीडींची प्रत काढणे लांबणीवर टाकू नये.

या फोल्डरमध्ये ‘व्हीओबी’ प्रकारच्या फाइल दिसतील. कार्यक्रम एकच असला तरी तो सुमारे एक जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो, आणि ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी ० असते तिच्यात फक्त मेनू असतो. ‘एमकेव्हीटूलनिक्स’ हा चित्र-आवाजाच्या फाइल जोडण्याचा व वेगळ्या करण्याचा मोफत प्रोग्राम उघडून त्यात शेवटी १ असलेली फाइल टाकावी. पुढचे तुकडे त्याच फोल्डरमध्ये असले, तर ते आपोआप जोडून घेतले जातात. यादीतील चित्रासमोरची खूण काढून फक्त आवाजासमोरची ठेवावी आणि नवी फाइल तयार करावी. या रीतीने आवाजाची फाइल पुन्हा आकसली (कॉम्प्रेस) जात नाही, जसाच्या तसा बाहेर येतो. डीव्हीडीतील आवाज ४८,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. पुढे कोठेही तो ४४,१०० वर नेऊ नये.

आता जुळवणी, म्हणजे या कामाचा खरा गाभा. ‘ऑडॅसिटी’ या आवाज संपादनाच्या मोफत प्रोग्राममध्ये घरच्या चित्रीकरणाचा आवाज आणि डीव्हीडीचा आवाज एकाखाली एक उघडावा. त्यासाठी अशा फाइल उघडू देणारी ‘एफएफएमपेग’ ही जोड आधी बसवलेली हवी. दोन्हींत स्पष्ट ऐकू येणारा एखादा टोकदार आवाज शोधावा. तबल्याचा सुटा ठोका उत्तम. तिसरी घंटा दोन्हीकडे सापडली तर तिचा आरंभही चालतो. टाळ्यांचा गजर मात्र निरुपयोगी, कारण त्याला नेमका आरंभ नसतो. अशी एक खूण सुरुवातीला आणि दुसरी शेवटाकडे घ्यावी. पुष्कळ जण पहिल्याच खुणेवर थांबतात आणि तासाभराने ओठ व शब्द वेगळे का झाले, याचे कोडे त्यांना सुटत नाही.

उदाहरणार्थ, पहिला ठोका घरच्या चित्रीकरणात ९०.२० सेकंदांवर आणि डीव्हीडीत २५२.६० सेकंदांवर आहे, म्हणजे फरक १६२.४० सेकंद. शेवटचा ठोका अनुक्रमे ३५२०.२० आणि ३६८२.७२ वर आहे, म्हणजे फरक १६२.५२. दोन्ही फरक समान असते, तर डीव्हीडीच्या आवाजाची पहिली १६२.४० सेकंदे कापून काम संपले असते. येथे तासाभरात ०.१२ सेकंदांची घसरण आहे आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत इतका भेद असू शकतो. अशा वेळी संपूर्ण आवाज ताणण्यापेक्षा दोन नृत्यांमधल्या शांततेत तो कापून प्रत्येक नृत्य स्वतंत्रपणे सरकवावे, हे माझे ठाम मत आहे, कारण त्यात संगीताला धक्का लागत नाही. फरक मध्येच एकदम बदलला, तर डीव्हीडी संपादित आहे असे समजावे आणि प्रत्येक कापलेल्या जागेनंतर नव्याने जुळवावे.

डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रांची आणि दुसरे चित्रीकरण ३० चित्रांचे असले, म्हणून आवाज ताणावा लागत नाही, कारण दोन्हींत एक तास हा एक तासच असतो. २४ चित्रांवर घेतलेली फिल्म २५ वर पळवली असेल तेव्हाच तासाचा कार्यक्रम ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपतो आणि सूरही चढतो.

आणखी एक बारकावा अंतराचा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून रंगमंचापासून २० मीटरवरच्या कॅमेऱ्यात तो सुमारे ६० मिलीसेकंद उशिरा पोहोचतो. ठोक्याला ठोका जुळवल्यावर डीव्हीडीचा आवाज तेवढाच अलीकडे घ्यावा, म्हणजे तो पावलांशी बसेल. तो चित्राच्या पुढे जाऊ नये याची मात्र काळजी घ्यावी, कारण चित्राच्या आधी आलेला आवाज उशिरा आलेल्या आवाजापेक्षा लवकर खटकतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर होणाऱ्या शोभेच्या दारूकामाचे चित्रण हाती असेल, तर प्रकाश पाहून जुळवणी करू नये. ३०० मीटरवरच्या स्फोटाचा आवाज जवळपास ०.९ सेकंद मागाहूनच येतो आणि तो उशीर खरा असल्याने तसाच ठेवावा.

जुळलेला आवाज ‘फ्लॅक’ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात साठवावा आणि घरच्या चित्रीकरणासोबत एमकेव्हीटूलनिक्समध्ये टाकावा. आरंभी, मध्यावर आणि शेवटी तपासून पाहावे. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज ५०-५० मिलीसेकंद मागेपुढे होतो, त्यामुळे राहिलेला फरक लगेच कळतो, आणि तोच आकडा एमकेव्हीटूलनिक्समध्ये विलंबाच्या रकान्यात भरता येतो. घरच्या कॅमेऱ्याचा मूळ आवाज काढून टाकू नये. आजूबाजूला बसलेल्या घरच्या मंडळींचे बोलणे फक्त त्यातच आहे. दोन्ही आवाजांना ‘सभागृह’ आणि ‘घरचा कॅमेरा’ अशी नावे देऊन पहिला मुख्य म्हणून निवडावा.