कंदिलाचं कातडं का निघालं? टाकाऊतून टिकाऊ करताना या चुका टाळा

वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही कंदील टांगला. सांगाडा बुटाच्या खोक्याचा, त्यावर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या, खाली वर्तमानपत्राच्या झिरमिळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून भाच्याची हाक आली, "मावशी, आपल्या कंदिलाचं कातडं निघालं!" निम्म्या पट्ट्या खाली पडलेल्या, उरलेल्या लोंबत होत्या. मी आधी गोंदाला शिव्या घातल्या. मग एक पट्टी उचलून पाहिली, तर पिशवीवरून गोंदाचा पारदर्शक पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटून आला, सापाने कात टाकावी तसा. गोंद उत्तम वाळला होता, फक्त पिशवीला चिकटला नव्हता.

मुलांबरोबर घरी काही करताना जेवढं बिघडतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त इथेच बिघडतं. म्हणून आधी हेच.

गोंदाची बाटली उघडण्याआधी पाण्याचा एक थेंब

आपण सरसकट ज्याला फेविकॉल म्हणतो तो पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो. त्यातलं पाणी कागदात, पुठ्ठ्यात, लाकडात शोषलं जातं आणि गोंद त्या छिद्रांमध्ये धरून बसतो. प्लास्टिकला छिद्रंच नाहीत, तर तो धरणार कशाला? जास्त गोंद ओतून काही होत नाही, पापुद्रा तेवढा जाड होतो.

आता आमच्याकडे नियम आहे. वस्तू हातात आली की तिच्यावर बोटाने पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब जिरला तर गोंद किंवा खळ चालेल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर गोंद विसरा. हे काम मुलं आनंदाने करतात, घरभर थेंब टाकत फिरतात. बिस्किटांच्या खोक्याची गंमतही त्यांना तेव्हाच कळते: छापील चकचकीत बाजूवर थेंब उभा राहतो, आतल्या तपकिरी बाजूवर जिरतो. म्हणून खोकं उलटं घडी घालून आतली बाजू बाहेर आणा, नाहीतर चकचकीत बाजू पॉलिश पेपरने खरवडून घ्या.

प्लास्टिक जोडायचंच असेल तर शिवा, स्टेपल करा, दोरीने बांधा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा. बाटलीवर पोस्टर कलर देण्याच्या फंदात पडू नका, रंग वाळला की खपल्या पडतात. त्याऐवजी बाटलीभोवती कागद पूर्ण गुंडाळा आणि कागदाचं टोक कागदावरच चिकटवा. कागदाने कागदाला धरलं की बाटलीला चिकटायची गरजच उरत नाही. मग रंगवा हवं तसं.

थर्माकोलची तऱ्हा निराळी. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण टीव्हीच्या खोक्यातून ते घरात येतंच. त्याला चपलांना लावतात तो पिवळा, उग्र वासाचा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. स्प्रेच्या रंगानेही तेच होतं.

सांगाडा कलंडतो

खराट्याच्या काड्यांचा चौकोन बांधला, उभा केला की तो तिरका होतो. मुलं गाठी आवळत बसतात. गाठी ठीकच असतात, चौकोनाचा स्वभावच तो. एक काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी बांधा, दोन त्रिकोण होतील आणि सांगाडा हलायचा थांबेल. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी (२०१८ चे पद्मश्री) आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर हे मुलांच्या हातात दिलं: नळीच्या बारक्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसायच्या, गोंद नाही, गाठ नाही. त्रिकोण दाबला तरी तसाच राहतो, चौकोन लगेच चपटा होतो. नळी सायकलच्या दुकानात मिळते. काड्यांची गुलं मात्र आधी खरवडून टाका.

पुठ्ठा मोडताना वेडावाकडा दुमडतो ही दुसरी नेहमीची तक्रार. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या असतात. नळ्यांच्या दिशेने तो सहज दुमडतो, आडवा दुमडला की चुरगळतो. आडवी घडी हवीच असेल तर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा आणि मग दुमडा. आणि पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद चिकटवला की तो पापडासारखा वळतो. मागच्या बाजूलाही एक कागद लावायचा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवायचं.

कागदाचा लगदा आणि खळ

साच्यावर खळीने कागदाच्या पट्ट्यांचे थर चिकटवायचे किंवा लगदा थापायचा, वाळला की वस्तू तयार. पण इथे घाई नडते. सुट्टीतल्या एका दुपारी सुरू करून संध्याकाळी रंगवायला घेतलं की आत ओल राहते, चार दिवसांनी काळे ठिपके दिसतात आणि वास येतो. बुरशी आलेली वस्तू उन्हात टाकून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. दिवसाला दोन थर पुरे, एकूण चार-पाच. ऑक्टोबरच्या उन्हात हे जमतं. गणपतीच्या आधीच्या दमट दिवसांत लगद्याच्या वाटेला जाऊच नये असं माझं मत आहे.

खळ बाजारातून आणायची गरज नाही. वाटीभर मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळत राहा. गरम पाण्यात थेट मैदा टाकला तर गुठळ्या होणारच, आणि त्या गाळत बसण्यापेक्षा नवीन करणं सोपं. पुस्तकं बांधणारे जुने बाइंडर खळीत किडीसाठी मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात ती खळ नको. चिमूटभर तुरटी पुरते. आंबूस वास आला की खळ फेकायची.

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, सांधा दिसत नाही. वर्तमानपत्र बहुधा उभं सरळ फाटतं, आडवं भरकटतं, तेव्हा पट्ट्या उभ्याच काढा. एक थर साध्या वर्तमानपत्राचा, पुढचा अर्थविषयक गुलाबी वर्तमानपत्राचा लावा, म्हणजे कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं.

साच्याला फुगा घेणार असाल तर तो उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगते आणि ओल्या थराला तडे जातात. पंख्याखाली वाळवा. पहिल्यांदाच करत असाल तर सरळ स्टीलची वाटी पालथी घालून तेलाचा हात फिरवा आणि तीवर थर द्या. तेल विसरलात तर वाटी सुटत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. तशी अडकलीच तर कड ओली करून सुरी सावकाश फिरवा.

लगदा करायचा तर कागद रात्रभर भिजवा. कोरडाच मिक्सरमध्ये कोंबला की मोटर तापते. भरपूर पाणी, थोडा थोडा कागद. जुन्या बायका यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालत, लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. अशा टोपल्या आजीच्या माळ्यावर मी लहानपणी पाहिल्या आहेत. पिळून निघालेलं पाणी मोरीत ओतू नका, पंचातून गाळून कुंडीत घाला. लगदा नळीत बसला की प्लंबरच बोलवावा लागतो.

कापाकापी आणि दिवा

बाटली मोठ्यांनी कापायची, कडेला लगेच टेप लावायची. ग्लू गनचं टोक १२० अंशांच्या वर तापतं, ती मुलांच्या हातात नको. अंड्यांचे ट्रे डागाळलेले असतील तर घेऊ नका, तेलकट पिझ्झाचं खोकंही नको, मुंग्या येतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बाटल्यांची बुचं आणि मणी उंचावर ठेवा.

कंदिलात पणती कधीच नाही. जुना शून्याचा बल्बही नाही, नाव शून्य असलं तरी तो साधारण १५ वॉट घेतो आणि चांगला तापतो. छोटा एलईडी लावा, तोही कागदापासून चार बोटं लांब.

आमच्या कंदिलाचं पुढे असं झालं: पट्ट्या परत गोळा केल्या, गोंदाचे पापुद्रे सोलले (ते काम भाच्याने कुणाला करू दिलं नाही), आणि सुई-दोऱ्याने त्या खोक्याला टाचल्या. टाके मोठे आणि वाकडे होते. तो तुळशीच्या लग्नापर्यंत लटकत राहिला, मग शेजारच्या मांजराने झिरमिळ्यांवर उडी मारली.