कुत्र्याच्या तोंडात गाठ दिसली तर काय करायचं
महिन्यातून एकदा तरी ओठ वर करून तोंड बघा, नुसते पुढचे दात नाही तर मागच्या दाढा, टाळू, जिभेखालची जागा पण. तोंडाला अचानक घाण वास, लाळेत रक्त, एकाच बाजूने चावणं, दात हलायला लागणं, यातलं काही दिसलं की दात किडला असेल म्हणून थांबू नका प्लीज.

गाठ काळीच असते असं नाही, मेलानोमा (रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर) कधीकधी गुलाबी पण असतो, त्यामुळे रंगावरून अंदाज नको, बायोप्सीच करा, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून लॅबमध्ये तपासणं. ती तोंडाच्या आतूनच घ्यायला सांगा, बाहेरून कातडीतून घेतली तर पुढे ऑपरेशनमध्ये तेवढी कातडीपण काढावी लागू शकते. जबड्याखालचे लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) हाताला नॉर्मल लागले तरी सुईने तपासून घ्या, आत कॅन्सर असू शकतो. छातीचा एक्सरे आणि जमलं तर सीटी स्कॅन.

आता सगळ्यांचा प्रश्न, किती दिवस जगेल? ते गाठ कुठली, केवढी आणि कुठे आहे यावर असतं. मेलानोमा सगळ्यात वाईट, लवकर फुफ्फुसात पसरतो, काहीच केलं नाही तर साधारण २ महिने, पण २ सेंटीमीटरपेक्षा लहान असताना पूर्ण काढला तर वर्षभर किंवा जास्तही मिळतं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर) खालच्या जबड्यात पुढे असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक कुत्री वर्षाच्या पुढे छान जगतात, तोच टॉन्सिलवर असेल तर अवघड. फायब्रोसारकोमा (पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा कॅन्सर) पसरतो कमी पण त्याच जागी परत येतो. आणि अ‍ॅकँथोमॅटस अमेलोब्लास्टोमा (दात बनवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ) निघाला तर तो हाड खातो पण पसरत नाही, नीट काढला की विषय संपला.

जबड्याचा तुकडा काढायचा म्हटलं की आपल्याच पोटात गोळा येतो, पण कुत्री खरंच पटकन सावरतात, जीभ थोडी बाहेर लोंबते, सुरुवातीला मऊ खाणं द्यायचं, बस. त्या भीतीपोटी नाही म्हणू नका. ऑपरेशन शक्य नसेल तर रेडिएशन विचारा, मेलानोमाची गाठ त्याने बऱ्याचदा लहान होते आणि दुखणंही कमी होतं.

दुखण्यावर औषध डॉक्टरांकडूनच घ्या, घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, विषबाधा होते.